धोरणाच्या वर्गात महाडचा ठराव

सार्वजनिक धोरण हा विषय घेऊन मी एम. ए. केले असे सांगितले, की आमच्या वस्तीतल्या बायका विचारतात, "म्हणजे नेमकं काय शिकलीस गं?" कार्यकर्ते मित्रांचा प्रश्न जरा तिरका असतो : "ह्याचा चळवळीला उपयोग काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे, म्हणून हा लेख.

शासनाने काय करायचे ठरवले, कोणासाठी ठरवले, पैसा कोठून आणला आणि अखेर तो कोणाच्या दारी पोहोचला, ह्या चार गोष्टींचा शोध म्हणजे हा विषय. त्यात अर्थशास्त्र येते, संख्याशास्त्र येते, कायदा व प्रशासन येते आणि शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. विषय नवा वाटतो, पण आपल्याला तो परका नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तेथे १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवस्थेवर लिहिले. पुढे १९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्यांचा पैसा कोठून येतो व कोठे जातो, हेच ह्या अभ्यासाचे सूत्र होते. आपण त्यांच्या घटनाकार ह्या रूपाला हार घालतो आणि हे वित्तशास्त्र कपाटात ठेवतो, असे मला खेदाने म्हणावे लागते.

वर्गात पहिल्या सत्रात अंमलबजावणीचा सिद्धान्त शिकवला गेला. प्रेसमन व विल्डाव्हस्की ह्या दोघांचे १९७३ चे पुस्तक ह्या शाखेत आद्य मानले जाते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ओकलंड शहरातील बेरोजगारांसाठी, विशेषतः कृष्णवर्णीयांसाठी, कोट्यवधी डॉलर मंजूर केले आणि काही वर्षांनी पाहिले तर रोजगार हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. वरचा निर्णय खाली येईपर्यंत किती हातांतून जातो आणि प्रत्येक हातात कसा झिजतो, हे त्यात दाखवले आहे. पुस्तक चांगले आहे. पण मी ते वाचत होते आणि मला सारखे महाड आठवत होते.

रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर धोरण पूर्ण झाले होते. तळ्याचे पाणी मात्र स्पृश्यांचेच राहिले, कारण ठराव न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती आणि पाळू पाहणाऱ्याला संरक्षण नव्हते. १९२६ साली बोल्यांनीच दुसरा ठराव आणला, की ज्या संस्था हे मानणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. आजच्या पाठ्यपुस्तकात ह्याला सशर्त अनुदान म्हणतात. २० मार्च १९२७ रोजी लोक स्वतः तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदाला प्रथम अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले.

मी हे वर्गात मांडले. प्राध्यापक म्हणाले, "हा सामाजिक इतिहास झाला, धोरण नव्हे." तेव्हा मी गप्प बसले. आज बसले नसते. ठराव, अनुदान, स्थानिक स्वराज्य संस्था, न्यायालय ह्यांतले काय धोरणात येत नाही?

प्रबंधासाठी मी अनुसूचित जाती उपयोजना घेतली. हिचे जुने नाव विशेष घटक योजना. १९७९-८० च्या सुमारास ती सुरू झाली आणि ती उभी करण्यात पी. एस. कृष्णन ह्या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. तत्त्व साधे आहे : लोकसंख्येत जेवढे प्रमाण, तेवढा योजनाखर्चातला हिस्सा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात हे प्रमाण १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के. हा पैसा दुसरीकडे मिसळू नये म्हणून अर्थसंकल्पात त्याला वेगळे लघुशीर्ष दिले आहे. त्याचा क्रमांक ७८९. कार्यकर्त्यांनी हा आकडा पाठ करावा. लेखाशीर्षात ७८९ दिसले, की तो पैसा आपल्या नावावर लिहिलेला आहे. मात्र नावावर लिहिलेला म्हणजे आपल्यापर्यंत आलेला नव्हे. केंद्राच्या अर्थसंकल्पात युरियाच्या अनुदानाचा एक हिस्साही ह्या खात्यात दाखवला गेला आहे. भूमिहीन मजूर युरिया कोठे टाकणार, हे कोणी सांगावे! २०१७-१८ पासून केंद्राने योजना व योजनेतर खर्च हा भेदच काढला. मग हिस्सा कशाचा मोजायचा, हा वाद उभा राहिला. आंध्र प्रदेश व कर्नाटकाने २०१३ साली ह्यासाठी कायदे केले होते.

ह्या अभ्यासात माझी मराठी कामी आली. जिल्हा परिषदेतल्या नस्ती, शासन निर्णय, सगळे मराठीत. प्रशासकीय मान्यता, पुनर्विनियोजन, समर्पित निधी, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द वर्गातल्या फर्डे इंग्रजी बोलणाऱ्यांना उलगडेनात. ते माझ्याकडे येऊ लागले. एका गावात वस्ती सुधारण्याच्या निधीतून झालेला काँक्रीटचा रस्ता मी नस्ती हातात धरून चालत गेले. कागदावर तो वस्तीत होता. पायाखालचा रस्ता गावठाणात सुरू होऊन वस्तीच्या पहिल्या घराच्या अलीकडे संपत होता. पुढे चिखल. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, हे मोजाया दोन वर्सं शिकाया लागत्यात व्हय?" मी हसले. पण तो रस्ता कोणत्या शीर्षाखाली बांधला, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. ते मी सांगितले, तेव्हा तो उठून बसला.

शिक्षकांनी मुलांना आधीच सांगावे, की वाट सोपी नाही. प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात, शुल्क जबर असते, आणि परदेशी जायचे म्हटले तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ साली कोलंबियाच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या नियमात कोठे बसवायचे?

माझे वडील नगरपरिषदेत सफाई कामगार. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने संस्थेने माझी गुणपत्रिका अडवून ठेवली, तेव्हा त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता माझ्या खात्यात जमा झाला, तेव्हा पदवी घेऊन मला सात महिने झाले होते. त्या हप्त्यातून वडिलांच्या कर्जाचे व्याज तेवढे फिटले.