देवगिरीच्या पायथ्याशी

बदनापूरहून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगर सोडते आणि थोड्याच वेळात देवगिरीचा डोंगर दिसू लागतो. माळावर एकटाच उभा, सुमारे दोनशे मीटर उंच, कडे भिंतीसारखे तासलेले. नोकरीच्या काळात या मार्गाने असंख्य वेळा गेलो. गड चढलो मात्र सेवानिवृत्तीनंतर. खंदक, अंधारी, मेंढा तोफ पाहून उतरलेला प्रवासी सहसा थेट वेरूळचा रस्ता धरतो. पायथ्याच्या लहानशा दौलताबाद गावात तो रेंगाळत नाही. वास्तविक आपल्यासारख्या व्यापारी कुळांनी थांबावे ते तेथेच.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने येथे यादवांची राजधानी वसवली. तिचे वैभव होते ते पायथ्याच्या पेठेत. १२९६ साली अलाउद्दीन खलजी काही हजार स्वारांसह अचानक येऊन धडकला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. रामचंद्रदेवाने गडाचा आश्रय घेतला. शहर उघडे पडले, लुटले गेले, व्यापारी पकडले गेले.

पुढची हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने लिहिली आहे. तो तीनशे वर्षांनंतरचा, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. कोकणातून आलेले व्यापारी आपली पोती तेथेच टाकून पळाले होते. धान्य समजून ती घाईघाईने गडावर चढवली गेली. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत मीठ! शंकरदेव परत येऊन लढला, हरला; आणि उपाशी गडाला तह करावा लागला. खंडणी म्हणून ६०० मण सोने, ७ मण मोती व इतर पुष्कळ दिल्याचे तो सांगतो. त्या काळचा मण आपल्या मणाहून लहान होता, तरीही आकडा छातीत धडकी भरवणारा आहे.

हे वाचताना मला तरुणपणीचे एक गोदाम आठवले. धान्यतारण कर्जाच्या तपासणीस गेलो होतो. थप्प्या मोजल्या, संख्या वहीशी जुळली, सही केली. शेवटची बस गाठायची होती. एकाही पोत्यात सळई खुपसली नाही. वसुलीच्या वेळी आतल्या थप्पीत तुरीऐवजी भुसा निघाला. माझी वेतनवाढ थांबली, ते योग्यच झाले. परंतु जामीन राहिलेल्या एका वयस्क गृहस्थांना आपले दुकान विकावे लागले. पुढे अनेकदा भेट झाली. ते त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. तेच अधिक जड गेले.

पेठ मात्र पुन्हा उभी राहिली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी येथे आणली व नाव दौलताबाद ठेवले. त्याची राजधानी टिकली नाही. त्याच शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने येथील रत्नांच्या धनाढ्य व्यापाऱ्यांची नोंद केली आहे. त्यांना ‘साह’ म्हणतात, असे तो लिहितो. आपल्यातील कित्येकांचे आडनाव त्यात ऐकू येते. येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने टिपले आहे.

परवा गडाच्या दाराशी एका बाईंकडून पेरू घेतले. टोपलीतले वरचे दोन बाजूला सारून त्यांनी तळातले काढून दाखवले आणि म्हणाल्या, “बघून घ्या, काका.”