जुनी गाडी, नवे शॉकअप

आपल्या भागात कितीतरी घरांत एक जुनी मोटारसायकल अजून जपून ठेवलेली असते. घरात मराठी बोला की कन्नड, तिला दोन्ही भाषांत ‘गाडी’च म्हणायचे, आणि गॅरेजमध्ये तिच्या मागच्या दोन शॉकअॅब्सॉर्बरना ‘शॉकअप’! या जुन्या गाड्यांत येझ्दीचा मान काही वेगळाच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे १९७३ पासून येझ्दी या नावाने गाड्या तयार होऊ लागल्या. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझ्दी हे नाव पुन्हा बाजारात आले, पण ती गाडी वेगळी. तिचे सुटे भाग जुन्या रोडकिंगला बसतील असे गृहीत धरू नये.

मग जुन्या गाडीचे शॉकअप गेले की काय करायचे? दुकानात रंगीत स्प्रिंगांचे, बाजूला डबी लावलेले, चकचकीत जोड टांगलेले असतात. मुलांना त्यातला सर्वांत उंच जोड हवा असतो. घरातल्या मोठ्यांना सर्वांत स्वस्त. खरे पाहता निवड दिसण्यावर नको आणि नुसत्या किमतीवरही नको. गाडीचे मूळ माप आणि तिच्यावर रोज बसणारे वजन, या दोन गोष्टींवर ती करायला हवी.

शॉकअप करतो काय?

शॉकअपमध्ये दोन कामे चालतात. स्प्रिंग धक्का झेलते; आतल्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून जाताना त्या स्प्रिंगची उसळी शमवते. सील खराब होऊन तेल गळून गेले, की नुसती स्प्रिंग उरते. खड्डा गेला तरी गाडी नाचत राहते आणि चाक क्षणभर रस्ता सोडते. नेमक्या त्या क्षणी ब्रेक दाबला तर पकड मिळत नाही. पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. दुसरा त्रास मागे बसणाऱ्याला. आई, सासूबाई किंवा अज्जी ‘कंबर धरली’ म्हणतात, तेव्हा दोष वयाचा नसून शॉकअपचाही असू शकतो.

ओळखायचे कसे? गाडीची शेपटी दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावी. ती वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा हिंदकळली तर तेलाचे काम संपले. दांड्यावर तेलकट, धूळ चिकटलेला थर असेल तर सील गेले आहे. मात्र खर्च करण्याआधी चाक धरून आडवे हलवून पाहावे. मागचे चाक ज्या दुहेरी दांड्यात बसते, त्या स्विंग आर्मचे बुश झिजले असले तरी गाडी मागून डुलते, आणि नवे शॉकअप घालूनही तो दोष जात नाही. त्याच वेळी चाकाचे बेअरिंगही तपासून घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी

जुना शॉकअप काढून वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. छिद्राचा आतला व्यास आणि बुशची रुंदीही लिहून घ्यावी. नवा जोड याच मापाचा हवा. लांब जोड घातला तर मागची बाजू उचलते, हँडल हलके होऊन चंचल होते, हेडलाइटचा झोत खाली पडतो. गाडी साइड स्टँडवर जास्त कलते, आणि मुख्य स्टँडवर लावल्यावर मागचे चाक जमिनीला टेकू शकते. आखूड जोड घातला तर भरल्या गाडीचे टायर मडगार्डला घासते आणि दिव्याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यानंतर वजनाचा विचार. गाडीवर एकटा माणूस कामाला जातो, की दोघे आणि वर बाजाराची पिशवी, की दुधाचे कॅन? दुकानदाराला हे स्पष्ट सांगावे. एकट्यासाठी फार कडक स्प्रिंग घेतली तर प्रत्येक खडा पाठीला कळतो. दोघांसाठी फार मऊ घेतली तर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो.

एक सोपी चाचणी घरी करता येते. गाडी मुख्य स्टँडवर, मागचे चाक अधांतरी असताना आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी स्टँडवरून उतरवून नेहमीच्या माणसाने तिच्यावर बसावे आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. चाकाची एकूण हालचाल ८ सेंटिमीटर असेल, तर फरक सुमारे २ ते २.७ सेंटिमीटर, म्हणजे पाव ते एक तृतीयांश, असावा. थोडाफार फरक स्प्रिंगखालची खाचांची कडी पान्याने फिरवून भरून काढता येतो. मात्र या कडीने गाडीची उंची सावरते, मऊ स्प्रिंग काही कडक होत नाही.

‘गॅस’चे शॉकअप चांगले की साधे? खऱ्या गॅस शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, त्यामुळे लांबच्या खडबडीत प्रवासात शॉकअपचे काम ढिले पडत नाही. पण काही स्वस्त जोडांवरची डबी केवळ शोभेची असते. नाव असलेल्या कंपनीचा साधा जोड त्यापेक्षा केव्हाही बरा. एकच बाजू गळत असली तरी जोडच बदलावा. एक बाजू नवी आणि एक थकलेली असली, की दोन्ही बाजूंचा भार सारखा राहत नाही.

जोड बसवल्यावर गाडीवर नेहमीचे वजन ठेवून चेनचा ताण पुन्हा पाहावा, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर नट तपासावेत. पहिली फेरी एकट्याने मारावी. दुसऱ्या फेरीला मात्र नेहमी मागे बसणाऱ्यालाच बसवावे आणि ‘कसं वाटतंय?’ असे विचारावे. खड्ड्याचा धक्का जास्त त्याच सीटवर बसतो, तेव्हा नवा जोड पसंत की नापसंत, हे तिथूनच कळू द्यावे.