विश्लेषण : संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ कुठे गेला?

गेल्या महिन्यात आत्याला ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग दाखवायला नेले होते. आत्या ७८ वर्षांची, बालपण रत्नागिरीत गेलेले, निम्मी पदे पाठ. पहिल्या अंकात नारदाचे पद सुरेख रंगले. टाळ्या पडल्या, विरल्या, आणि त्यानंतरच्या शांततेत आत्या मोठ्याने म्हणाली, ‘‘वन्स मोअर!’’

पुढच्या रांगेतली तीन-चार डोकी मागे वळली. बाजूने ‘शूऽऽ’ आले. ऑर्गनवाल्याने मान वर करून आमच्या दिशेने पाहिले. नारदही क्षणभर थांबला आणि मग पुढचा संवाद सुरू झाला. मध्यंतरात बटाटेवडा हातात तसाच धरून आत्याने हळूच विचारले, ‘‘मी काही चुकीचं बोलले का रे?’’

चुकीचे ती काहीच बोलली नव्हती. उलट, त्या नाटकाच्या प्रेक्षकाने जे म्हणायचे तेच ती म्हणाली होती. बाकीचे साडेतीनशे लोक गप्प का बसले, हा खरा प्रश्न.

‘वन्स मोअर’ आला कुठून?

शब्द इंग्रजी, पण गंमत अशी की इंग्रज प्रेक्षक स्वतः यासाठी ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द वापरतात. ‘वन्स मोअर’ला नाट्यगृहात कायमचे घर दिले ते मराठी माणसाने.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणायचा आणि पात्रे प्रसंग करायची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. गाण्याला दिलेली दाद थेट त्या पात्रापर्यंत पोहोचू लागली. पुढे खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये आणि ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये आले. ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांच्या, तर ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली. बालगंधर्वांच्या गळ्यातून ही पदे ऐकायला आलेला प्रेक्षक एकदा ऐकून समाधानी होणारा नव्हता. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले, त्यात ‘वन्स मोअर’चा वाटा मोठा असे.

तेच पद पुन्हा कशाला ऐकायचे?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर पद तेच असते, गाणे तेच नसते. शब्द आणि चाल ठरलेली, पण नाट्यपद रागावर बेतलेले असल्यामुळे आत मोकळी जागा पुष्कळ. पहिल्या वेळी गायकाने जिथून सरळ वाट धरली, तिथून तो दुसऱ्या वेळी आलापीत शिरतो, एखादी तान वेगळ्या अंगाने घेतो, समेवर उशिरा पण नेमका येतो. तबलजी ते ओळखून ठेका धरतो. प्रेक्षकही ऐकतो ते हेच की आता हा काय नवीन काढणार. म्हणजे ‘वन्स मोअर’ हे एक प्रकारचे आव्हानच. ते पेलताना एखाद्याचा गळा उघडा पडल्याचेही किस्से जुनी मंडळी चवीने सांगतात.

मग नाटकाचे काय?

ही तक्रार रास्त आहे. नायिका विरहाने व्याकूळ होऊन गाते, टाळ्या पडतात, ती हसून नमस्कार करते आणि पुन्हा पहिल्यापासून व्याकूळ होते! प्रसंगाची पार वाट लागते. युरोपातही हा वाद झाला. इटलीतील मिलानच्या ‘ला स्काला’ या प्रख्यात ऑपेरागृहात संगीत संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांचा अशा पुनर्गायनाला कडवा विरोध होता. पुढे तिथे त्यावर बंदीच आली. २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने तिथे एक गीत दुसऱ्यांदा गायले, तेव्हा सत्तरहून अधिक वर्षांची रीत मोडल्याची बातमी जगभर झाली. आपल्याकडे असे लेखी नियम झाले नाहीत. साठच्या दशकात पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’सारख्या नाटकांत पदे आटोपशीर केली, कथा थांबू नये याची काळजी घेतली. ‘कट्यार काळजात घुसली’ने (१९६७) तर पेचच सोडवून टाकला. तिथे पात्रेच गवई आहेत, गाणे हेच भांडणाचे कारण आहे. खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव देशपांडे गाऊ लागले की नाटक थांबत नसे, पुढे जात असे.

आता तो ऐकू का येत नाही?

एक कारण अगदी रोकडे आहे. नाट्यगृह सत्रावर मिळते. दुपारचा प्रयोग लांबला की संध्याकाळच्या संस्थेचा टेम्पो दारात उभा. प्रेक्षकालाही परतीची लोकल गाठायची असते. दुसरे कारण तांत्रिक. अनेक नव्या संगीतप्रधान नाटकांत ध्वनिमुद्रित संगीत वाजते, प्रकाशयोजना त्याला बांधलेली असते. मुद्रित संगीताला ‘वन्स मोअर’ देता येत नाही. फार तर तेच पुन्हा वाजवता येते.

आणि तिसरे कारण आपल्या खिशात आहे. दाद कमी झालेली नाही, तिचा पत्ता बदलला आहे. पडदा पडायच्या आत ‘काय गायलाय!’ असे स्टेटस लागलेले असते. मनाई असूनही पदाचे अर्धा मिनिट चित्रित होते. ती दाद शंभर लोकांपर्यंत जाते, पण ज्याने गायले त्याच्यापर्यंत त्या क्षणी पोहोचत नाही. त्याला समोर दिसतो तो अंधारात चमकणारा पडदा.

सगळीकडे ओरडूनच दाद द्यावी असे मात्र नाही. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ पाहिले तेव्हा शेवटी काही क्षण कोणी जागचे हललेच नाही. मागे कोणीतरी नाक ओढत होते. तुकोबांची आवली आणि लखुबाईच्या रूपातली रखुमाई, एवढ्या दोघींचे ते नाटक; त्यात मध्येच ‘वन्स मोअर’ म्हणणे अघोरी वाटले असते. ‘सौभद्र’ची गोष्ट वेगळी. ते जन्मलेच प्रेक्षकाच्या हाकेला ओ देण्यासाठी. गोव्यात जत्रेला देवळासमोर गावकरीच संगीत नाटक उभे करतात. तिथल्या प्रेक्षकाला ही हाक कोणी शिकवावी लागत नाही.

प्रयोग संपल्यावर आत्या हट्टाने आत गेली. नारद मिशा नसलेल्या ओठांवरचा रंग पुसत होता. ऑर्गनवाले गृहस्थ साठीचे, ऑर्गनवर खोळ चढवत होते. आत्या त्यांना म्हणाली, ‘‘मघाशी मी मध्येच ओरडले, राग नका मानू हं.’’

ते खोळ सोडून उठलेच. ‘‘आजी, राग कसला? तुम्ही म्हणालात तेव्हा मी तबलजीकडे पाहिलं. सूर धरूनच ठेवला होता. आणखी दोघं-तिघं म्हणाले असते, तर लगेच उचललं असतं आम्ही. एकट्या माणसाच्या सांगण्यावरून नाही घेता येत हो.’’

रिक्षात बसेपर्यंत आत्या काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘तू का नाही म्हणालास?’’