भिंतीवरचे काळे ओघळ

बारामती-इंदापूर म्हणजे पर्जन्यछायेचा पट्टा. इथे कोकणासारखं शेवाळ कुठून? तरी टाकी भरून वाहते त्या भिंतीवर काळे ओघळ दिसतातच. ती नुसती धूळ नव्हे. बरेचदा ते नील-हरित जीवाणू असतात. कडक उन्हापासून बचावासाठी त्यातले काही गडद रंगद्रव्य बनवतात, म्हणून हिरव्याऐवजी काळे दिसतात. उन्हाळाभर सुकून निपचित पडतात, पाणी मिळताच पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे नुसतं खरवडणं फुकट. भिंत ओली करा, हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरचं पातळ, निवळलेलं पाणी ब्रशने लावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन काढा. त्यात ॲसिड मात्र चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवा. टाकीचा बॉलकॉक बदलल्याशिवाय नवा रंग टिकणार नाही.