पुन्हा ओतलेली फौज

दुसऱ्या महायुद्धापर्यंत खेळण्यातले सैनिक बहुधा शिशाच्या मिश्रधातूचे असत. इंग्लंडमधल्या विल्यम ब्रिटन या कंपनीने १८९३ मध्ये ते आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली आणि त्यांचे वजन व किंमत दोन्ही उतरले. प्लास्टिकचा सैनिक आला १९३८ मध्ये, अमेरिकेतल्या बर्गन टॉय अँड नॉव्हेल्टी कंपनीकडून. युद्धानंतर पॉलिथिन स्वस्त झाले, शिशाच्या विषारीपणाची चर्चाही वाढली, आणि १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक बंद केले. इंग्लंडात एअरफिक्स व टिम्पो, फ्रान्समध्ये स्टारलक्स अशा कंपन्यांनी बाजार भरून टाकला. आज संग्राहक ज्यांच्या मागे असतात ते बहुतेक सैनिक १९५० ते १९८० या तीन दशकांतले आहेत.

या काळातले सर्वांत मोठे नाव लुई मार्क्स. न्यूयॉर्कमध्ये १९१९ साली सुरू झालेली त्यांची कंपनी इतकी वाढली, की १९५५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर झळकवले. सुटे सैनिक विकण्यापेक्षा एका खोक्यात अख्खे रणांगण देणे ही मार्क्सची खासियत. 'फोर्ट अपाची' किंवा 'बॅटल ऑफ द ब्लू अँड ग्रे' यांसारख्या संचांत छापील पत्र्याच्या इमारती, कुंपण, घोडे, तोफा आणि दोन्ही बाजूंचे सैनिक असत. सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या कॅटलॉगमधून ते घरोघरी पोहोचत. सैनिक लाखोंनी निघाले, त्यामुळे सुटा सैनिक आजही फारसा महाग नाही. दुर्मीळ असतो तो मूळ खोक्यासह पूर्ण संच, कारण मुलांनी झेंडे, खोगिरे आणि शिड्या कधीच हरवून टाकलेल्या असतात.

जुना माल कोणता आणि नवा कोणता, हा या छंदातला खरा गुंता. त्याचे मूळ उत्पादनाच्या पद्धतीत आहे. पोलादी साच्याचे दोन भाग घट्ट मिटून त्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरतात. ते निवले की साचा उघडून सैनिक बाहेर काढतात. साचा घडवणे अतिशय खर्चिक, पण एकदा घडला की त्यातून अगणित नग निघतात. म्हणून कंपनी बुडाली तरी साचा भंगारात जात नाही; तो विकला जातो. लुई मार्क्स यांनी १९७२ मध्ये कंपनी क्वेकर ओट्सला विकली, तिथून ती एका ब्रिटिश उद्योगाकडे गेली आणि १९८० मध्ये तो उद्योगही कोसळला. साचे मात्र हातोहात फिरत राहिले आणि १९९० च्या दशकात त्यांतलेच काही पुन्हा यंत्रावर चढले. एअरफिक्सचीही अशीच कथा: अनेक मालक बदलून २००६ मध्ये ती हॉर्न्बीकडे आली आणि तिचे जुने सैनिक व रणगाडे 'व्हिंटेज क्लासिक्स' या नावाने पुन्हा दुकानात आले.

अशा नव्याने काढलेल्या मालाला बनावट म्हणणे बरोबर नाही. साचा मूळचाच असतो. फरक असतो तो प्लास्टिकचा. नव्या नगाचा रंग वेगळा, पोत अधिक मेणचट किंवा अधिक कडक असू शकतो. वापराने झिजलेल्या साच्यात चेहऱ्याची रेखीवता मंदावते आणि सांध्यातून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. खरी नक्कल निराळी. हाँगकाँगमधल्या काही कारखान्यांनी तयार सैनिकावरूनच नवा साचा केला. प्लास्टिक निवताना आकसते, त्यामुळे अशी नक्कल मूळ सैनिकापेक्षा किंचित ठेंगणी निघते. मूळ नग शेजारी उभा केला की ती लगेच पकडली जाते. नव्या मालावर नाके मुरडणारे संग्राहक आहेत, पण ज्याला सैनिक मांडून लढाई खेळायची आहे त्याच्यासाठी तोच शहाणपणाचा सौदा.

वाहनांच्या बाबतीत प्रमाणाचा प्रश्न आधी येतो. ५४ मिलिमीटर उंचीचा सैनिक साधारण १:३२ प्रमाणात बसतो. एअरफिक्सचे छोटे रणगाडे मात्र १:७६ चे, तर सोबतचे सैनिक मधल्या काळात १:७२ म्हणूनही विकले गेले. चोखंदळ डोळ्यांना ही विसंगती टोचते. मुलांना ती कधी जाणवली नाही. ऑस्ट्रियाच्या रोको कंपनीची १:८७ प्रमाणातली वाहने त्याहूनही लहान.

जतनाच्या दृष्टीने प्लास्टिक वाटते तितके अमर नाही. ऊन आणि हवेतला प्राणवायू यांनी पॉलिथिनची लवचीकता जाते. एअरफिक्सच्या कित्येक जुन्या सैनिकांच्या बंदुका नुसत्या वाकवल्या तरी तुटतात. त्यांना गरम पाणी, तीव्र द्रावणे आणि उन्हातली खिडकी यांपासून दूर ठेवावे लागते. वाहनांना वेगळाच धोका असतो. मऊ व्हिनाइलच्या टायरमधला तेलकट घटक शेजारच्या कडक पॉलिस्टायरीनमध्ये झिरपतो आणि चाकाचा आस किंवा मडगार्ड हळूहळू वितळवतो. म्हणून खोक्यात ठेवताना टायर काढून कागदात वेगळे गुंडाळावेत, आणि ते निघत नसतील तर वर्षातून एकदा तरी वाहन बाहेर काढून तपासावे.