दात राखावा की काढावा?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर अनेकांना अनुभवाने पटते. दाढ खोलवर किडली किंवा तिचा तुकडा उडाला की, ‘एकदाची काढून टाका’ असे म्हणण्याकडे सर्वसाधारणपणे कल असतो. वेदनेच्या भरात घेतलेला हा निर्णय मात्र मागे घेता येत नाही. त्यामुळे त्यामागील विचार आधीच समजून घेणे हितावह ठरते.

दाताचे बाहेरील आवरण, म्हणजे इनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. परंतु एकदा नष्ट झाल्यावर तो पुन्हा निर्माण होत नाही. त्याखाली डेंटिनचा थर आणि मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. कीड डेंटिनपुरती मर्यादित असेल, तर ती कोरून दात भरणे बहुधा पुरेसे होते. ती गरापर्यंत पोहोचल्यावर दाढ ठणकू लागते. कधी काही दिवसांनी हा ठणका आपोआप थांबतो आणि दाढ बरी झाल्याचा समज होतो. वस्तुतः गर मृत झालेला असतो आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी असलेल्या हाडाकडे सरकत असतो. म्हणूनच वेदना थांबणे हा निर्णयाचा निकष होऊ शकत नाही.

खरा निकष कोणता?

हिरडीच्या वर निरोगी दात किती शिल्लक आहे, हा मुख्य प्रश्न होय. दातावर बसवलेली कॅप टिकण्यासाठी सभोवती सुमारे 2 मिलिमीटर उंचीचा निरोगी भाग असणे इष्ट मानले जाते. तो असेल आणि मुळाभोवतीचे हाडही भक्कम असेल, तर रूट कॅनाल उपचाराने दात वाचवणे सहसा श्रेयस्कर असते. याउलट मूळ उभे चिरलेले असेल, तर दात काढणे बहुधा अपरिहार्य होते. या साऱ्याचा अंदाज प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रे यांवरूनच येतो.

रूट कॅनालनंतर ठणका थांबला म्हणून अनेकजण कॅपचा खर्च टाळतात. ही बचत महागात पडू शकते. पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबाखाली दुभंगते आणि आधीचा खर्चही वाया जातो. त्यामुळे अंदाजपत्रक मागताना रूट कॅनाल आणि कॅप यांचा एकत्रित खर्च विचारावा.

काढल्यानंतरचा हिशेब

दात काढणे त्या दिवशी स्वस्त असते. परंतु खर्च तेथे संपत नाही. जागा रिकामी राहिल्यास शेजारचे दात तिच्याकडे कलतात, समोरचा दात त्या पोकळीत उतरू लागतो आणि हाड झिजते. त्यावर उपाय तीन: काढता-घालता येणारी कवळी, शेजारचे दात घासून बसवलेला ब्रिज आणि हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून केलेले इम्प्लांट. स्क्रू हाडाशी एकजीव होण्यास साधारणतः 3 ते 6 महिने लागतात. अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे यशाची शक्यता घटते. अक्कलदाढेच्या जागी मात्र सहसा दुसरा दात बसवावा लागत नाही.

नेहमीच्या आरोग्य विमा पॉलिसीत असे दंतोपचार बहुधा समाविष्ट नसतात. त्यामुळे अटी आधी वाचाव्यात. शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हेच उपचार तुलनेने अल्प दरात होतात. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. भारतातील पहिले दंत महाविद्यालय 1920 साली कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी स्थापन केले. आज अशी महाविद्यालये बहुतेक राज्यांत आहेत.

दंतवैद्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: निरोगी दात किती उरला आहे? उपचारानंतर तो किती काळ टिकण्याची शक्यता आहे? काढल्यास त्या जागी काय बसवावे लागेल? रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे सांगावे. ती स्वतःहून बंद करू नयेत. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गिळण्यास त्रास असेल, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. अन्य वेळी, एक-दोन दिवस विचारात गेले तरी चालतील. वेदनाशामक गोळ्यांवर महिने काढणे मात्र दाताला परवडणारे नाही.