नवापूर स्थानक : दोन राज्यांच्या फलाटावर

उधना-जळगाव रेल्वेमार्गावरील नवापूर हे लहानसे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली; त्यांची सीमा या स्थानकातून जाते. फलाटाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात, तर दुसरा गुजरातच्या तापी जिल्ह्यात येतो.

तिकिटाला या सीमेचे बंधन नाही. वेळेचे मात्र आहे. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांत किंवा त्या ठिकाणी जाणाऱ्या पहिल्या गाडीने, यांपैकी जे उशिराचे असेल तोवर, प्रवास सुरू करावा लागतो. विनातिकीट आढळल्यास भाड्याखेरीज किमान २५० रुपये आकार भरावा लागतो.

कायद्यात मात्र सीमा जाणवते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. महाराष्ट्रात रीतसर घेतलेले मद्यही फलाटाच्या पलीकडच्या भागात परवान्याविना बाळगणे गुन्हा ठरते.

चोरी झाल्यास हद्दीच्या वादात अडकू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रूळ ओलांडू नयेत. हा मार्ग आता दुहेरी झाला असून, उभ्या गाडीच्या आडून दुसऱ्या रुळावर भरधाव गाडी येऊ शकते. गाडी चुकली तर दुसरी मिळते. पादचारी पुलाचाच वापर करावा.